पत्रें हरवलेला उमेदवार

हर्बर्ट कॉम्प्टन यांचें हिंदुस्थानांतील युरोपीय लष्करी साहसवीरांवरचें इंग्रजी पुस्तक 1892 सालीं प्रसिद्ध झालें. इतक्या काळानें त्याचा परामर्श घेण्याचें कारण असें कीं, डी बॉईन, जॉर्ज टॉमस आणि पेराँ या तिघांविषयीं लिहूं पाहणाऱ्यास हें पुस्तक टाळतां येत नाहीं. आणि त्यांतील माहितीबरोबर त्यांतील दृष्टिहि नकळत आपल्या लेखनांत शिरते.

कॉम्प्टनची लेखणी रसाळ आहे, यांत संशय नाहीं. लढायांचीं वर्णनें तर वाचकास जागचें हलूं देत नाहींत. परंतु त्याच्या कथेंत चाकरी मागणारा तेवढा सजीव आहे. चाकरी देणारा हा बहुधा पडद्यावर रंगविलेल्या राजवाड्यासारखा मागें उभा असतो. वास्तविक परक्या मुलखांत नशीब काढावयास निघालेल्या तरुणाच्या कथेंत परीक्षा दोघांची होत असते.

1777 सालचेंच उदाहरण घ्या. पॅरिसजवळ पासी येथें अमेरिकेचा वकील बेंजामिन फ्रँकलिन राहत होता. अमेरिकेच्या सैन्यांत हुद्दा मिळावा म्हणून फ्रेंच सरदारपुत्रांनीं त्यास इतकें भंडावून सोडलें कीं, त्या वर्षीच्या एप्रिलांत त्यानें अनोळखी माणसासाठीं द्यावयाच्या शिफारसपत्राचा एक विनोदी नमुनाच लिहून काढला. पत्र नेणाऱ्याविषयीं आपणांस कांहींहि ठाऊक नाहीं, हाच त्या पत्राचा मजकूर! तरीहि याच गर्दींतून एकोणीस वर्षांचा मार्क्विस लाफायेत पुढें आला. बिनपगारी चाकरी करण्याची तयारी दाखवून 31 जुलै रोजीं तो मेजर जनरल झाला. उमेदवारांच्या त्या गर्दींत रत्नेंहि होतीं, एवढें कबूल केलें पाहिजे.

त्याच वर्षीं आपल्याकडे शेव्हॅलिए सेंट लुबिन नांवाचा फ्रेंच गृहस्थ चौलच्या बंदरीं उतरून पुण्यास आला. आपण फ्रान्सच्या बादशहाचे वकील आहों, असें तो सांगे. अडीच हजार युरोपीय शिपाई आणूं, दहा हजार देशी शिपायांस कवायत शिकवूं, असे त्याचे वायदे होते. नाना फडणिसांनीं त्याचा सत्कार केला. नाना या गृहस्थास भुलले काय? मला तसें वाटत नाहीं. पुण्यांतील इंग्रज वकील मॉस्टिन आणि मुंबईकर यांना या फ्रेंचाचें केवढें भय वाटूं लागलें, हें पाहिलें म्हणजे नानांनीं त्याचा उपयोग बुजगावण्यासारखा करून घेतला, असेंच म्हणावें लागतें. मात्र बुजगावण्याचा खर्चहि लागतोच. मुंबईकर राघोबादादांस घेऊन पुण्यावर निघाले, त्यास जीं कारणें झालीं त्यांत ही फ्रेंच भीति होती. त्या स्वारीचा शेवट जानेवारी 1779 मध्यें वडगांवीं झाला. सेंट लुबिनचे शिपाई कधींच आले नाहींत.

आतां डी बॉईनकडे वळूं. हा जन्मानें सरदार नव्हे. सॅव्हॉयमधील शाम्बेरी गांवच्या कातडी-लोकरीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. वॉरन हेस्टिंग्जच्या ओळखीचीं पत्रें घेऊन तो उत्तरेकडे निघाला असतां महादजी शिंद्यांच्या माणसांनीं त्याचें सामान लांबविलें. सामान परत मिळालें, पत्रें मिळालीं नाहींत. पोटासाठीं त्यानें महादजींच्याच विरुद्ध गोहदच्या राण्याला एक बेत सुचविला. तो फसला, परंतु महादजींनीं त्या बेतावरूनच माणूस पारखला आणि 1784 सालीं त्यास चाकरीस घेतलें. साडेआठशेंच्या दोन पलटणी, दर शिपायामागें महिना आठ रुपये आणि स्वतः त्यास एक हजार, असा तो करार होता. आमच्या निमगाव केतकींत पानमळ्यावर माणूस ठेवतांना कोणी चिठ्ठी वाचीत बसत नाहीं. वेल बांधतांना त्याचा हात कसा चालतो, तें पाहतात. महादजींनीं याहून निराळें काय केलें?

हा प्रसंग कॉम्प्टननें सांगितला आहे, पण दैवाचा खेळ म्हणून. ज्यानें आपल्याविरुद्ध मसलत केली त्यालाच पदरीं ठेवण्याचें धाडस, आणि पुढें दुआबांतील मुलूख तोडून देऊन फौजेचा पगार नियमित चालविण्याची व्यवस्था, ही त्याच्या लेखीं जणूं आपोआप घडली! पाटण आणि मेडता येथील 1790 चे विजय या पगारावर उभे होते.

महादजींची पारख निर्दोष होती, असेंहि नाहीं. कवायती फौज त्यांनीं उभारली, पण तिचे वरचे अधिकारी परकेच राहिले. महादजी 12 फेब्रुवारी 1794 रोजीं वानवडीस वारले, डी बॉईन लवकरच हिंदुस्थान सोडून गेला, आणि 1803 च्या युद्धांत इंग्रजांनीं जाहीरनामा काढतांच दौलतरावांच्या पदरचे कित्येक इंग्रज अधिकारी चाकरी सोडून गेले. पेराँहि इंग्रजांच्या आश्रयास गेला. या अपयशाचीं बीजें 1784 च्या त्या करारांत कितपत होतीं, हा प्रश्न कॉम्प्टनला पडत नाहीं. तो आपल्या अभ्यासकांनींच सोडविला पाहिजे.

पुस्तकाच्या शेवटचें परिशिष्ट मात्र वाचकांनीं अवश्य चाळावें. लहानसहान साहसवीरांचीं त्रोटक चरित्रें तेथें दिलीं आहेत. त्यांत शेव्हॅलिए डुड्रेनेक आहे. फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याचा मुलगा, वागण्यांत सभ्य, आणि दैवाचा फिरलेला. तुकोजी होळकरांसाठीं त्यानें उभारलेल्या पलटणी 1793 सालीं लाखेरीस डी बॉईनच्या फौजेनें कापून काढल्या.