समुद्रकाठचा संन्यासी

समुद्राचें चित्र म्हटलें कीं फेसाळ लाटा, डौलानें चाललेलीं गलबतें आणि मावळतीचे रंग यांची आपण अपेक्षा करतों. कास्पार डाव्हिड फ्रीडरिख या जर्मन चित्रकाराचें 'समुद्रकाठचा संन्यासी' हें चित्र १८१० सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें. त्यांत यांपैकीं कांहींच नाहीं. खालीं फिकट वाळू, तीवर काळसर समुद्राचा अरुंद पट्टा, आणि उरलेलें सारें आकाश. वाळूवर समुद्राकडे तोंड करून उभी असलेली बोटाएवढी मनुष्याकृति, एवढाच काय तो मानवी अंश.

हें कल्पनेचें दारिद्र्य मात्र नव्हे. रंगांखालील रेखाटनाच्या तपासणींत असें आढळलें आहे कीं, फ्रीडरिखनें येथें आधीं गलबतें योजिलीं होतीं व मागाहून तीं झांकून टाकिलीं. या झांकण्यांतच चित्राचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें. गलबत असतें तर पलीकडे कोठें तरी किनारा आहे, एवढा दिलासा तरी मनास मिळाला असता. आतां दृष्टीस टेंकावयास ठिकाणच उरलें नाहीं; म्हणून ती फिरफिरून त्या एकट्या माणसाकडे येते.

आमचा आक्षेप आहे तो त्याच्या झग्यावर. संन्याशाचा वेष दिसतांच, हा ईश्वरचिंतनांत मग्न असावा, असें आपण ठरवून मोकळे होतों आणि त्याच्या जागीं स्वतः उभे राहण्याचें टाळतों. गलबतें झांकणारा निर्भय हात झग्यापाशीं कां थबकला? तेथें कोणी साधा वाटसरू असता, तर ती अफाट निःशब्दता सर्वस्वीं आमची झाली असती. तथापि, काय गाळावें हें इतक्या धैर्यानें जाणणारें समुद्रचित्र आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.