मागे घेण्याचं बटण

दुपारी भांडी आवरून मी जरा टेकते, तेव्हा आमचे चिरंजीव टीव्हीला प्लेस्टेशन लावून गाड्या पळवत असतात. आधी मी नुसती ओरडायचे. मग शेजारी बसून बघायला लागले आणि हळूहळू या खेळांबद्दल माझंही एक मत झालं.

या खेळांपुढचा पेच एकच. गाडी अगदी खऱ्यासारखी वागली, तर नवखा माणूस पहिल्याच वळणावर बाहेर जातो आणि कंटाळतो. फार सोपी केली, तर ती जत्रेतली टक्करगाडी होते. १९९७ साली जपानच्या काझुनोरी यामाउची यांच्या ‘ग्रॅन टुरिस्मो’ने यावर छान तोड काढली. खेळाचे दोन भाग केले. एकात गाडी निवडा आणि लगेच पळवा. दुसऱ्यात आधी लायसन्सची परीक्षा. ठरल्या जागी थांबा, एकच वळण नेमक्या वेळात घ्या, नापास झालात तर पुन्हा बसा! पुढच्या चाकांच्या जोरावर चालणारी गाडी वेगात वळवली की बाहेर सरकते, मागच्या चाकांची शेपूट फेकते, हे खेळता खेळता हाताला कळतं. त्याच्या १ कोटीहून जास्त प्रती खपल्या. म्हणजे लोकांना अवघड नको असतं, असं नाही. कुणी बोट धरून शिकवलं, तर त्यांना अवघडही चालतं.

पण या खेळात एक लबाडी होती. गाडी भिंतीवर आपटली तरी पत्र्याला पोचा येत नसे. मुलं तर भिंतीला घासूनच वळणं घेत. पोचे दिसायला २०१० चा पाचवा भाग यावा लागला. त्याआधी, २००८ च्या ‘ग्रिड’ने चूक मागे घ्यायची सोय दिली, पण मोजक्याच वेळा. २००९ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ३’मध्ये तर हवं तितक्यांदा मागे जाता येऊ लागलं.

गेल्या पावसाळ्यात कतारगाम दरवाजाजवळ ओल्या रस्त्यावर आमच्या चिरंजीवांनी स्कूटर जोरात वळवली. मागे मी. दोघंही आडवे झालो. माझा गुडघा फुटला, बांगड्या फुटल्या. तो उठवताना म्हणाला, “मम्मी, एक सेकंद मागे जाता आलं असतं ना!” हसू आलं आणि काळजातही धस्स झालं.

खेळानं त्याला बिघडवलं, असं मी म्हणणार नाही. वळणाआधी वेग कमी करायचा, हेही त्याला खेळानंच शिकवलं होतं. माझं म्हणणं एवढंच, की मदत दोन प्रकारची असते. लेकीची पोळी लाटताना आपण तिच्या हातावर हात ठेवतो, ती एक. करपलेली पोळी गुपचूप उचलून टाकतो, ती दुसरी. पहिलीनं हात तयार होतो. दुसरीनं पोरगी खूश होते, पण तवा तिला कधी कळत नाही.

खेळ सगळ्यांना जमावा म्हणून ब्रेकला मदत द्या, रस्त्यावर वाट आखून द्या. चुकीची किंमत मात्र थोडी तरी ठेवा. मला ‘ग्रिड’चा हिशेब पटतो. चूक पुसता येते, पण मोजून. आपणही मुलांना तेवढंच द्यावं.