दिग्दर्शन कोणाचं?

14 जून 2025 ची संध्याकाळ. अफझलगंजातल्या आमच्या घरी अंथऊ दिवस मावळायच्या आत उरकतो, त्यामुळे पुढचा वेळ आम्हा बायकांचा. सासूबाई, जाऊबाई, शेजारच्या दोघी आणि मी टीव्हीसमोर बसलो होतो. शहराच्या त्या टोकाला, हायटेक्समध्ये, गद्दर तेलंगण चित्रपट पुरस्कारांचा पहिला सोहळा चालला होता. 1964 पासूनचे नंदी पुरस्कार आमच्या सवयीचे. राज्याची वाटणी झाली आणि पुढं काही वर्षांत तेही बंद पडले. आता लोकगायक गद्दर यांच्या नावानं नवी सुरुवात.

‘35 चिन्न कथ कादू’ मधल्या आईच्या भूमिकेसाठी निवेथा थॉमसला उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार. आम्हाला आनंद झाला. मुलाला शिकवायचं म्हणून स्वतः गणिताशी झुंजणारी ती आई आमच्यातलीच वाटते. उत्कृष्ट दिग्दर्शक ‘कल्की 2898 एडी’ चे नाग अश्विन. मग मणिरत्नम, सुकुमार यांचे सन्मान. सासूबाई एकदम म्हणाल्या, “चित्रपट काढणारी बाई नसती का गं?”

प्रश्न साधा होता. उत्तर मला चटकन देता आलं नाही, म्हणून हा लेख.

त्या सोहळ्यातल्या विशेष पुरस्कारांना कोणाची नावं आहेत बघा. एन. टी. रामाराव, पैडी जयराज, बी. एन. रेड्डी, नागी रेड्डी-चक्रपाणी, कांताराव, रघुपती वेंकय्या. माणसं मोठी, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण बाईचं नाव एकही नाही. भानुमती रामकृष्ण यांनी 1953 मध्ये ‘चंडीराणी’ तेलुगू, तमिळ आणि हिंदी अशा तीन भाषांत दिग्दर्शित केला. विजया निर्मला यांनी चाळीसहून अधिक चित्रपट दिग्दर्शित केले. स्त्री-दिग्दर्शकांत सर्वाधिक म्हणून 2002 मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. त्यांनी 1973 मध्ये केलेला ‘मीना’ यद्दनपूडी सुलोचनाराणी यांच्या कादंबरीवरचा, म्हणजे लिहिणारी बाई आणि पडद्यावर आणणारीही बाई. त्यांना रघुपती वेंकय्या पुरस्कार मिळाला होता, हे खरं. म्हणजे बाईला पुरस्कार मिळतो, पण बाईच्या नावाचा पुरस्कार काही निघत नाही.

हे फक्त आपल्या शहराचं नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट दिग्दर्शनाचा सन्मान 1967 च्या चित्रपटांपासून दिला जातो. 2023 च्या चित्रपटांपर्यंतची यादी पाहिली तर त्यात बाई एकच: अपर्णा सेन. ‘36 चौरंगी लेन’ (1981) आणि ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’ (2002). इतक्या वर्षांत एकच बाई, दोनदा.

मग आपल्या सई परांजपे? 1979 च्या ‘स्पर्श’ला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा आणि पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नसीरुद्दीन शाह यांना अभिनयाचा. दिग्दर्शनाचा मिळाला मृणाल सेन यांना, ‘एक दिन प्रतिदिन’साठी. कमावती मुलगी एका रात्री घरी येत नाही आणि घरादाराचा मुखवटा गळून पडतो, असा तो चित्रपट. थोर आहे, हिसकावून घ्यावा असा नाही. पण ‘स्पर्श’ आठवा. अंध मुख्याध्यापकाला दया नको आहे आणि कविताला दया आणि प्रेम यांतली रेघ सापडत नाही. हे सगळं रडारड न करता दाखवायचं, आंधळ्या मुलांना बिचारं न करता खेळू द्यायचं, हे कागदावरच्या पटकथेत संपत नाही. कॅमेरा कुठं थांबेल आणि कुठं नजर वळवेल हे ठरवण्यात ते आहे. त्यालाच दिग्दर्शन म्हणतात.

सुमित्रा भावे समाजकार्याच्या क्षेत्रातून आल्या. 1985 च्या ‘बाई’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो कुटुंबकल्याण विभागात. पुढं 2016 मध्ये, सुनील सुकथनकरांबरोबर केलेल्या ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. ते दिग्दर्शकांनाही मिळतं, म्हणून अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘व्हेंटिलेटर’साठी राजेश मापुस्करांना मिळाला, तोही मराठीच, आणि गुणी. पण एकेका वर्षाचा निकाल पटला तरी सगळी यादी एकत्र वाचल्यावर पटत नाही. बाईचं काम विषयासाठी गौरवायचं, आशयासाठी, संवेदनशीलतेसाठी गौरवायचं. सूत्रं तिच्या हातात होती, एवढंच म्हणायला जीभ अडखळते.

कोणी म्हणेल, मुळात बायका किती दिग्दर्शन करतात? कमी करतात, खरंय. राखीव जागा मागण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण कमी का, याचं एक कारण आपल्या दिवाणखान्यात बसलंय.

माझी भाची तेलुगू मालिकेच्या युनिटात सहायक दिग्दर्शक आहे. कालच्या प्रसंगात नायिकेच्या कोणत्या हातात किती बांगड्या होत्या इथपासून पुढचा शॉट कुठून लावायचा इथपर्यंत सगळं तिच्या वहीत. मालिकेत एकाच्या जागी दुसरा दिग्दर्शक येतो, प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. तिला स्थळ आलं तेव्हा घरातल्यांनी ठरवलं, “टीव्हीत आहे एवढंच सांगा, जास्त खोलात नको.” मुलाकडच्यांनी विचारलं, “म्हणजे कपडेबिपडे बघते का?” आणि आम्ही हसून “हो, तसंच” म्हणालो. मीसुद्धा. रात्री भाचीचा फोन आला. “मावशी, तू तरी सांगायचं होतंस.” मला उत्तर नव्हतं.

हे आपल्याला नवं नाही. समाजाचा कार्यक्रम आठवा. तीनशे माणसांच्या जेवणाचं गणित, पाहुण्यांची उतरण्याची सोय, शोभायात्रेची रांग, सगळं बायका ठरवतात. शाल-श्रीफळ समितीला, आणि शेवटी एक ओळ: ‘महिला मंडळाचे सहकार्य लाभले.’ सहकार्य! अहो, दिग्दर्शन होतं ते.

मीही दोषी आहे. याच पुस्तकातले माझे जुने लेख उघडा. नटाविषयी पानभर, साड्यांविषयी परिच्छेद, दिग्दर्शकाचं नाव कंसात. पुरस्कार देणाऱ्यांना नावं ठेवण्याआधी मला ती चूक सुधारावी लागेल.

भाचीच्या घरी मी गेल्या आठवड्यात जाऊन आले. मुलाकडच्यांना पुन्हा बोलावलंय. या वेळी ती काय करते हे मी सांगणार आहे, वहीसकट. स्थळ राहील की जाईल, माहीत नाही.

आणि सासूबाईंना मी उत्तर दिलं: “असते. फक्त नावं येतात तेव्हा आपण टीव्ही बंद करतो.” आता त्या मालिका संपली की रिमोट स्वतःच्या हातात ठेवतात. अक्षरं भराभर पळतात, तेलुगू त्यांना वाचता येत नाही, तरी विचारतात, “आली का गं तिची पाटी?”