‘निर्वातभंग’ : एका संज्ञेची चिकित्सा

खोपोलीचे वीजकेंद्र 1915 साली सुरू झाले आणि लोणावळा-वळवणच्या तलावांतील पाण्यापासून निर्माण होणारी वीज 1,00,000 व्होल्ट दाबाने मुंबईस जाऊ लागली. त्या उघड्या तारांभोवतीचे अवरोधक माध्यम म्हणजे हवा. दर मिलिमीटरला सुमारे 3,000 व्होल्ट इतके क्षेत्र झाले की हवेचा अवरोध ढासळतो. इलेक्ट्रॉन रेणूंवर आदळून नवे इलेक्ट्रॉन मुक्त करतात, त्यांची संख्या गुणाकाराने वाढते आणि ठिणगी पडते. येथे मोडते ती हवाच; म्हणून ‘हवेचा विद्युत्‌भंग’ या प्रयोगातील षष्ठी सार्थ होय.

आज मावळातून जाणाऱ्या लोहमार्गावर पूर्वीच्या 1,500 व्होल्ट एकदिश प्रवाहाऐवजी 25,000 व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह आहे आणि त्यावर चालणाऱ्या एंजिनांत निर्वात सर्किट ब्रेकर वापरला जातो. त्याच्या संदर्भात ‘निर्वातभंग’ हा समास सहज सुचतो. परंतु त्याचा विग्रह कसा करावयाचा? ‘हवेचा भंग’, ‘तेलाचा भंग’ यांच्या पंक्तीत बसविल्यास तो षष्ठी तत्पुरुष ठरतो, आणि नेमका येथेच अर्थाचा विपर्यास होतो.

पाऱ्याच्या एक मिलिमीटरच्या दशलक्षांश दाबाला एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे 3,000 कोटी रेणू उरतात, हे खरे. तथापि ते इतके विरळ असतात की सेंटिमीटरभर अंतर ओलांडणाऱ्या इलेक्ट्रॉनाची त्यांच्याशी गाठ क्वचितच पडते. मग ठिणगीला सामग्री कोठून मिळते? फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी 1928 साली तीव्र क्षेत्रामुळे धातूतून इलेक्ट्रॉन कसे बाहेर पडतात याची उपपत्ती मांडली. गुळगुळीत पृष्ठभागास त्यासाठी दर मिलिमीटरला काही दशलक्ष व्होल्ट लागावेत. प्रत्यक्षात भंग त्याच्या सुमारे शतांश क्षेत्रातच होतो. कारण ऋणाग्रावरील सूक्ष्म टोकांशी क्षेत्र शंभरपट एकवटते. तेथून वाहणाऱ्या प्रवाहाने टोक तापते, धातूची वाफ होते, आणि त्या वाफेतूनच विद्युत्‌प्रवाह वाहू लागतो.

निर्वाताचा अवरोधगुण अखेर नष्ट होतोच, मग षष्ठी चूक कशी, असा आक्षेप घेता येईल. परंतु ज्या क्षणी प्रवाह वाहतो त्या क्षणी तेथे निर्वात नसतो, धातूची वाफ असते. शिवाय निर्वात तोच ठेवून धातू बदलला किंवा त्याला अधिक चांगली झिलई दिली, तर भंगाचा दाब बदलतो. लहान ठिणग्या वारंवार पाडून टोके बोथट केली असता तेच अंतर अधिक दाब सोसते. गुण निर्वाताचा असता तर असे घडले नसते.

हा केवळ व्याकरणाचा वाद नव्हे. षष्ठीने शिकलेला विद्यार्थी दोष निर्वातात शोधील आणि पृष्ठभागाची परीक्षा करावयाची विसरेल. म्हणून ‘निर्वातातील विद्युत्‌भंग’ अशी सप्तमी स्पष्ट दाखविणारी संज्ञाच ग्राह्य मानावी. आटोपशीरपणासाठी समास ठेवावयाचाच असेल, तर व्याख्येत ‘निर्वातात घडणारा भंग’ हा विग्रह अवश्य द्यावा.