रिकामं आसन आणि शेजारी

मंडळी, आपल्या अमरावती जिल्ह्यात मोझरीला तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला. सकाळी सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना हा नेम पुढे गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांनी उचलला. समोर मूर्ती नाही, नुसतं आसन. सगळे खाली, रांगेत बसतात.

या आसनाबद्दल एक शंका मांडतो. मूर्ती नाही, म्हणजे जागा आपोआप सर्वधर्मीयांची झाली, असं आपण धरून चालतो. तर्क म्हणून हे टिकत नाही. कोणाला मज्जाव नाही, याचा अर्थ सगळ्यांना बोलावणं गेलंय असा होत नाही. महाराज स्वतः खंजिरी घेऊन गावोगाव फिरत, भजनं रचत, मराठीत तशीच हिंदीतही. समोर कोण बसलंय हे पाहून ते बोलत. आपण त्यांचे शब्द पाठ केले, नवे रचणं मात्र सोडून दिलं.

मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल झाली. त्यानंतर आपल्यापैकी किती जण पलीकडच्या मोहल्ल्यात गेले आणि ‘या, आमच्याजवळ बसा’ म्हणाले? मीही गेलो नाही, हे कबूल करतो.

येत्या पुण्यतिथीला मौन श्रद्धांजलीसाठी मोझरीत मोठी गर्दी होईल. त्याआधी एका तरी घरी निरोप द्या : तुमचं गाणं घेऊन या, आम्ही ऐकू.