गाझियाबादचे हरित रोखे : कर्ज कोणाचे, जोखीम कोणाची?

महापालिकांच्या अर्थकारणावरील टिपणांत गाझियाबादचे उदाहरण हमखास भेटते. २०२१ मध्ये गाझियाबाद नगर निगमने ८.१ टक्के व्याजाने १५० कोटी रुपयांचे रोखे विकले. मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली आणि देशातील पहिले हरित महापालिका रोखे म्हणून कौतुकही झाले. इंदिरापुरम येथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करायची आणि रोज ४० दशलक्ष लिटर पाणी साहिबाबादच्या कारखान्यांना विकायचे, यासाठी हा पैसा होता. परीक्षेत एवढे लिहिले तरी गुण मिळतात. पण तुम्ही अभियंते होणार आहात, तेव्हा कागद-पेन्सिल घ्या.

रोज ४० दशलक्ष लिटर म्हणजे वर्षाला १ कोटी ४६ लाख घनमीटर. पहिल्या वर्षाचे व्याज १२.१५ कोटी. मुद्दल दहा वर्षांत सारख्या हप्त्यांनी फेडायचे असे सोयीसाठी धरा, म्हणजे आणखी १५ कोटी. प्रत्येक घनमीटरवर सुमारे साडेअठरा रुपये नुसते कर्जाचेच झाले. वीज, रसायने, गाळणीची पटले बदलणे, पंपिंग हे सगळे वेगळे. शिवाय प्रकल्पाचा एकूण खर्च रोख्यांच्या रकमेपेक्षा मोठा आहे. कारखान्यांनी अर्धेच पाणी उचलले तर हाच आकडा सदतीसच्या वर जातो.

आता कारखानदाराच्या जागी उभे राहा. त्याच्या आवारात बोअर आहे. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार भूजल उपशासाठी उद्योगांना ना-हरकत प्रमाणपत्र आणि शुल्क लागते. पण ते नियम किती कडकपणे राबवायचे हे भूजलाच्या यंत्रणा ठरवतात, नगर निगम नव्हे. बोअरचे पाणी स्वस्तात सुटत असेल, तर प्रक्रिया केलेले पाणी कितीही स्वच्छ असले तरी त्याला गिऱ्हाईक कुठून येणार? म्हणजे कर्ज निगमने काढले, आणि ते फिटण्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. असे रोखे खपतात ते प्रकल्पाच्या भरवशावर नव्हे. निगमचे स्वतःचे उत्पन्न, त्यात घरपट्टी आलीच, आधी एस्क्रो खात्यात जमा होते आणि त्यातून गुंतवणूकदारांचे देणे बाजूला काढले जाते. गुंतवणूकदार त्यामुळे निर्धास्त असतो. पाणी विकले गेले नाही तर तूट सोसतो तो घरपट्टी भरणारा. त्याच्या गल्लीतले गटार आणि दिवे मागे पडतात, आणि हे कुठल्याही माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेले नसते.

शहराचे नियोजन कोण करते तेही पाहा. बृहत् आराखडा विकास प्राधिकरणाचा. इंदिरापुरम त्यानेच वसवले, भूखंड विकून पैसा त्यालाच मिळाला. साहिबाबादचे औद्योगिक क्षेत्र राज्याच्या औद्योगिक विकास संस्थेचे. निगमकडे उरले सांडपाणी, कचरा आणि आता कर्ज. जमिनीच्या वाढत्या भावाचा मोठा वाटा प्रकल्पाकडे वळवता आला असता, तर किती कर्ज लागले असते, हा प्रश्न मी वर्गात दर वर्षी विचारतो. बहुतेकांना तो अभ्यासक्रमाबाहेरचा वाटतो!

रोख्यांमुळे काहीच साधले नाही असे मात्र नाही. बाजारात जायचे तर हिशेब नीट लावावे लागतात आणि पतमानांकन घ्यावे लागते. अहमदाबादने १९९८ मध्ये राज्याच्या हमीशिवाय १०० कोटी उभे केले, तेव्हाही ही शिस्त दिसली होती. उद्योगांना गोड्या पाण्याऐवजी प्रक्रिया केलेले पाणी देणे हेही योग्यच. पुण्याने २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी घेतले, तेव्हा निदान पाणी वापरणारा आणि कर भरणारा बराचसा एकच होता. गाझियाबादमध्ये हे दोघे वेगळे आहेत.

केंद्राच्या अमृत योजनेतील प्रोत्साहन १०० कोटींच्या रोख्यांमागे १३ कोटी होते. त्या दराने १५० कोटींवर साडेएकोणीस कोटी होतात, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळाचे व्याज. हे बक्षीस रोखे काढल्याबद्दल आहे. पाणी विकले गेले की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

तुमच्या शहराने रोखे काढले असतील तर याच पद्धतीने हिशेब मांडा : दर घनमीटरमागे कर्ज किती, वापर निम्मा झाला तर किती, आणि ती तूट अर्थसंकल्पातील कोणत्या शीर्षाखालून भरली जाईल.