वय मान्य, नाते अमान्य

पृथ्वीच्या वयावर शिक्षकांपुढे बोलायचा प्रसंग मला अधूनमधून येतो. अशाच एका शिबिरात झिरकॉनचे स्फटिक, युरेनियम आणि शिसे यांची गोष्ट सांगून झाल्यावर एका शिक्षकांनी विचारले, "सर, बायबलातला 'दिवस' चोवीस तासांचा नव्हताच असे धरले, तर धर्म आणि विज्ञान यांचे भांडण उरतेच कुठे?" मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोवर मागून दुसरे म्हणाले, "आणि आपल्या पुराणांत तर ४३२ कोटी वर्षे आधीच सांगून ठेवली आहेत!" सभागृहात समाधानाची कुजबूज झाली, जेवणाची वेळ झाली आणि माझे उत्तर राहून गेले. ते इथे देतो.

सृष्टी ईश्वराने घडवली असे मानणारे सगळेच लोक पृथ्वी सहा हजार वर्षांची समजतात, अशी आपली एक समजूत असते. ती बरोबर नाही. आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलातल्या वंशावळींवरून निर्मितीचे साल इ.स.पू. ४००४ असे काढले हे खरे. पण भूविज्ञान वाढू लागले तसे पुष्कळ धार्मिक विद्वानांनी तो हिशेब सोडून दिला. १९२५ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डेटन गावी, उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. त्यात बायबलच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीही निर्मितीचे दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही, हे प्रश्नोत्तरांत कबूल केले. कोवळ्या पृथ्वीचा आग्रह अमेरिकेत पुन्हा जोरात आला तो १९६१ साली व्हिटकोम आणि मॉरिस यांचे जलप्रलयावरचे पुस्तक निघाल्यावर. म्हणजे पृथ्वी प्राचीन मानणारा निर्मितीवाद ही अलीकडची पळवाट नव्हे. त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात काही फार प्रामाणिक माणसे होऊन गेली आहेत.

स्कॉटलंडचे धर्मोपदेशक थॉमस चामर्स यांनी १८१४ साली एक तोडगा सुचवला. बायबलात आरंभीच्या निर्मितीचे एक वाक्य आहे आणि त्यानंतर सहा दिवसांच्या कामाचे वर्णन. या दोहोंच्या मध्ये हवी तेवढी वर्षे गेली असे माना, म्हणजे झाले! सगळे जीवाश्म त्या मधल्या काळात ढकलायचे. ते जुने जग उद्ध्वस्त झाले आणि मग सहा दिवसांत आजचे जग मांडले गेले. ही कल्पना इतकी सोयीची होती की १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून ती घराघरांत पोचली.

तिच्यावरचा सर्वांत चांगला आक्षेप एका श्रद्धाळू माणसानेच घेतला. ह्यू मिलर हे मूळचे पाथरवट. खाणीत दगड फोडता फोडता त्यांना जुन्या तांबड्या वालुकाश्मातले विचित्र चिलखती मासे सापडले आणि ते भूविज्ञानाचे अभ्यासक व नामवंत लेखक झाले. आधी त्यांना चामर्स यांचे म्हणणे पटले होते. पुढे अलीकडच्या थरांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले की, आज जिवंत असलेल्या शंखशिंपल्यांच्या कित्येक जाती नामशेष जातींच्या सोबतीने खालच्या थरांतही आहेत. जुने जग संपले आणि नवे सुरू झाले, अशी रेघ खडकांत कुठेच मारता येत नाही. मिलर यांनी मत बदलले आणि तसे स्पष्ट लिहिले. त्यांचे ते पुस्तक १८५७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

मात्र मत बदलून ते जिथे पोचले, तिथेही पाय टेकेना. एकेक दिवस म्हणजे एकेक प्रदीर्घ युग, हा त्यांचा दुसरा पर्याय. युगांची लांबी ताणता येते, पण क्रमाचे काय? बायबलात तिसऱ्या दिवशी फळझाडांसह वनस्पती, चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र, पाचव्या दिवशी जलचर व पक्षी आणि सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी व माणूस असा क्रम आहे. खडकांत समुद्रातले प्राणी आधी, जमिनीवरच्या वनस्पती नंतर. फुले-फळे धरणाऱ्या वनस्पती तर अगदी अलीकडच्या, साधारण १३ कोटी वर्षांपूर्वीच्या. पक्षी जमिनीवरच्या सरपटणाऱ्या प्राण्यांनंतरचे. मिलर यांनी वनस्पतींचा 'दिवस' कोळशाच्या अरण्यांशी जुळवला. पण ज्या माशांनी त्यांना कीर्ती दिली, ते मासे त्या अरण्यांपेक्षा जुने आहेत! प्रत्येक युगातले ठळक तेवढेच सांगितले आहे, असे म्हणून त्यांना वेळ मारून न्यावी लागली.

या कथेचा एक धागा आपल्या विदर्भात येतो. १८४३ साली स्थापन झालेल्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पहिले अध्यक्ष चामर्स होते आणि त्या पंथाच्या वृत्तपत्राचे संपादक मिलर. याच चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूरच्या परिसरातले खडक तपासले, टाकळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि वनस्पतींचे अवशेष गोळा केले. दक्षिणेकडे मांगलीला मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली केले. पृथ्वी प्राचीन मानणे हे पाप नव्हे, असे ज्या चर्चमध्ये वातावरण होते, त्यातला माणूस जीवाश्म वेचायला मोकळा होता. एवढे श्रेय त्या विचाराला द्यायला हवे.

टाकळीचा शंख वर्गात फार उपयोगी पडतो. खाली बेसाल्ट, वर बेसाल्ट आणि मध्ये तळ्याचा गाळ. म्हणजे एक लाव्हा वाहून निवाला, त्यावर पाणी साचले, गाळ बसला, गोगलगायी आल्या, पिढ्यान्पिढ्या राहिल्या. मग पुन्हा लाव्हा आला. हे सगळे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे घडले. कुठलेही यंत्र न वापरता मुलांना कळते की इथे बराच काळ गेला आहे. किती, ते मात्र किरणोत्सारी घड्याळानेच सांगता येते.

आता आजच्या प्रतिनिधींकडे वळू. खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले ह्यू रॉस यांनी १९८६ साली अमेरिकेत एक संस्था काढली. ते महास्फोट मानतात, पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षांचे वयही मानतात. जीवाश्मांचा काळही मानतात. फक्त जीवांचे एकमेकांशी नाते मानत नाहीत. ईश्वराने वेळोवेळी हस्तक्षेप करून नवनवे जीव निर्माण केले, असे त्यांचे म्हणणे. माझा आक्षेप इथेच आहे. खडकाचे वय आणि खडकातल्या हाडांचा क्रम हे एकाच पुराव्याचे दोन भाग आहेत. पहिला घ्यायचा आणि दुसऱ्याचा अर्थ लागू लागला की पाठ फिरवायची, याला मी वैज्ञानिक वृत्ती म्हणणार नाही.

देवमाशाचे उदाहरण घ्या. काश्मीरमधल्या सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत इंडोह्यूस नावाचा, लहानशा हरणासारखा खुरांचा प्राणी सापडतो. त्याच्या कानाच्या हाडाला जी विशिष्ट जाडी आहे, ती देवमाशांच्या कुळाची खूण. पाकिस्तानात सापडलेला पाकिसेटस चार पायांवर चालणारा, पण कान त्याच धाटणीचा. पुढच्या थरांत पाय आखडत जातात, शेपूट बळावते. आजच्या देवमाशाच्या पोटात पायांची हाडे शिल्लक आहेत ती पाठीच्या कण्याला न जोडलेली. यातला प्रत्येक प्राणी जर नव्याने घडवला असेल, तर तो नेमका याच क्रमाने का? 'ईश्वराची तशी इच्छा' हे उत्तर या क्रमाला चालते, उलट्या क्रमालाही चालते आणि क्रम नसता तरी चालले असते. ज्या उत्तराला काहीही चालते, त्याने काहीच सांगितलेले नसते. हीच गोष्ट जनुकांची. 'क' जीवनसत्त्व तयार करण्याचे जनुक माणसात आहे, पण मोडके; चिंपांझीतही ते मोडकेच. नव्याने घडवताना दोघांनाही नादुरुस्त वस्तू कोण देईल?

राहिले मागच्या बाकावरचे ४३२ कोटी. हा आकडा कल्पाच्या पूर्ण लांबीचा आहे, सरलेल्या काळाचा नव्हे. पूजेच्या संकल्पात आपण श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे युग असे म्हणतो. तो हिशेब मांडला तर कल्प सुरू होऊन सुमारे १९७ कोटी वर्षे झाली. मग सिंहभूमचे ३०० कोटी वर्षांहून जुने खडक पृथ्वीच्या आधीचे ठरतील! १९७ सोयीचे नाही म्हणून ४३२ घ्यायचे, हा मिलर यांच्या कोळशासारखाच प्रकार झाला. फरक इतकाच, की मिलर यांनी निदान खडक फोडून पाहिले होते. कल्पाचा आकडा कमी मोलाचा आहे असे मात्र मी म्हणत नाही. सगळ्या ग्रहांच्या पूर्ण फेऱ्या मावतील एवढा मोठा काळ आपल्या ज्योतिर्गणितींना हवा होता, आणि त्या गणितात कल्पाने उत्तम काम केले. खडकाचे वय मोजण्यासाठी तो कोणी काढलेला नाही.

श्रद्धा आणि उत्क्रांती एकत्र नांदू शकत नाहीत, असा माझा दावा नाही. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या विज्ञान अकादमीला पाठवलेल्या संदेशात, उत्क्रांती ही आता केवळ अटकळ राहिलेली नाही असे म्हटले. तिथे नाते मान्य आहे; देव मानायचा की नाही, हा पुढचा आणि वेगळा प्रश्न.

आणि हे सगळे दूरदेशीचे नाही. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातून उत्क्रांती वगळली गेली, आनुवंशिकता राहिली. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे, पण तिथवर किती मुले जीवशास्त्र घेऊन पोचतात? आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. तो शिकवताना, पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची हे वर्गाला पटले म्हणजे आपले काम झाले असे समजू नका. वयाला सहसा कोणी हरकत घेत नाही. हात वर होतात ते नात्याचा विषय निघाल्यावर.

पुढच्या शिबिराला मी झिरकॉनऐवजी टाकळीचा शंख आणि देवमाशाच्या कानाचे चित्र घेऊन जाणार आहे. आणि माझे व्याख्यान जेवणाच्या अगोदर ठेवू नये, असे संयोजकांना कळवले आहे.